टिळकांचा कोप : एका ख्रिस्ती संयमाची हकीकत

ख्रिस्ती धर्मांतराचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन प्रकारच्या लेखकांनीं लिहिला. एक मिशनरी आणि दुसरे त्यांचे प्रतिपक्षी. या दोघांचें जवळजवळ कोणत्याच गोष्टीवर एकमत होत नाहीं. परंतु एका बाबतींत ते नकळत एकाच पंक्तीस येऊन बसतात. धर्मांतर ही एका दिवसांत उरकणारी गोष्ट आहे, असें दोघांसही वाटतें. बाप्तिस्म्याच्या दिवशीं एकाच्या लेखीं जुना मनुष्य मेला आणि नवा जन्मास आला. दुसऱ्याच्या लेखीं घरचा मुलगा मेला आणि मागें राहिलेले स्नान करून मोकळे झाले. त्या दिवसानंतर तो मनुष्य वीस-पंचवीस वर्षें कसा जगला, बायकामुलांशीं कसा वागला, पूर्वीं तापट असेल तर पुढें निवळला कीं नाहीं, याची चौकशी करण्यास दोघांपैकीं कोणासच सवड नव्हती. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे उपदेशक १८१३ सालीं मुंबईंत उतरले व १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगरास ठाणें घातलें. त्यांच्या कामाचा हिशेब समुद्रापार जावयाचा, तेव्हां मंडळींत किती नवे आले हें आंकड्यानें सांगतां येई. कोणाचा राग किती ओसरला हें कोणत्या रकान्यांत मांडावें? खुद्द ख्रिस्ती झालेल्या मराठी लेखकांचीही गत याहून फारशी निराळी नाहीं. बाबा पदमनजींनीं १८५४ सालीं बेळगांवास बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आत्मचरित्राचें नांव ‘अरुणोदय’ हें आहे, आणि नांवाप्रमाणेंच त्याचा सारा रोंख पहांटेकडे आहे. पहांट झाली हें कळतें. दुपारच्या उन्हांत काय झालें हें तितकेंसें कळत नाहीं.

म्हणून ख्रिस्ती माणसाचा आत्मसंयम कसकसा वाढत जातो, हा प्रश्न केवळ धर्मोपदेशाचा न ठेवतां इतिहासाचा म्हणून घ्यावयाचा झाल्यास महाराष्ट्रांत एकच उदाहरण असें आहे कीं ज्यास भरवंशाचा साक्षीदार मिळतो. तें उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि तो साक्षीदार म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळकांचें काव्य, त्यांचें देशप्रेम, त्यांचीं भजनें यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस येथें त्यांच्या रागाविषयीं लिहावयाचें आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार केला पाहिजे. पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आत्म्याच्या फळाची एक यादी आहे. प्रीतीपासून तिचा आरंभ होतो आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या जागीं जो गुण येतो त्यास मूळ ग्रीकांत ‘एन्क्रातेइया’ असें म्हटलें आहे. ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता. स्वतःवर चालणारी आंतली सत्ता, असा या शब्दाचा सरळ अर्थ. १६११ च्या इंग्रजी भाषांतरानें येथें ‘टेंपरन्स’ हा शब्द घातला. पुढें इंग्रजींत त्या शब्दास दारूबंदीचा वास येऊं लागला, त्यामुळें पुष्कळ भाविकांची अशी समजूत झाली कीं, पेला हातीं धरला नाहीं म्हणजे संयम साधला. मराठी भाषांतरकारांनीं ‘इंद्रियदमन’ हा शब्द योजला. शब्द भारदस्त खरा, परंतु त्यानेंही एक वेगळीच पंचाईत झाली आहे. ‘दमन’ म्हटलें कीं आपल्यापुढें पंचाग्निसाधन करणारा बैरागी उभा राहतो. घोड्याला चाबकानें नमवावें तसें कांहीं तरी. पौलाचा दृष्टांत मात्र झाडाचा आहे. तो ‘फळ’ म्हणतो, आणि तेंही एकवचनीं. फळास ऋतु लागतो, पाणी लागतें, आणि झाडाशीं भांडून तें पिकवितां येत नाहीं.

रागाच्या संयमनाची आपल्या लोकांस ओळख नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या बोरीकडे, म्हणजे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत, शांतीची गोष्ट निघाली कीं एकनाथांचें नांव निघतें. गोदावरी पैठणाहून निघून गंगाखेडावरून, आमच्याच जिल्ह्यांतून, खालीं जाते; आणि त्या नदीवर नाथ स्नान करून येत असतां एक यवन त्यांच्या अंगावर पुनः पुनः थुंकला, नाथ पुनः पुनः नदीवर गेले, व शेवटीं थुंकणाराच शरमला, ही परंपरेनें आलेली कथा येथें पोराटोरांसही ठाऊक असते. रागानें कवाड लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांस मुक्ताबाईनें समजावलें, ही ताटीच्या अभंगांची कथाही तशीच. क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा भ्रंश ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील उतरंड सुशिक्षितांस पाठ असते. या कथांचा आम्हांस आदर आहे. परंतु त्यांत एक उणीव इतिहासाच्या अभ्यासकास जाणवते. नाथ आरंभापासूनच शांत आहेत. ते शांत कसे झाले, मधल्या काळांत कितीदां घसरले, हें कथा सांगत नाहीं. संतचरित्रांत झाड फळासकटच उगवतें.

टिळकांचें तसें नव्हतें. ते ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मले. वडील वामनराव अत्यंत तापट. आई जानकीबाई मायाळू, कवितेची आवड असलेली. बापाचा ताव आणि आईचें मार्दव असा दुहेरी वारसा मुलास मिळाला, आणि तो जन्मभर त्यांच्या अंगांत भांडत राहिला. आई लहानपणींच गेली. मुलगा घर सोडून नाशिकास आला व गणेशशास्त्री लेल्यांपाशीं संस्कृत शिकला. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका (जन्म १८६८) लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली तेव्हां अकरा-बारा वर्षांची होती.

या दांपत्याच्या पहिल्या पंधरा वर्षांचा संसार ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत लक्ष्मीबाईंनीं मांडला आहे. ज्यांनीं तो वाचला असेल त्यांस टिळकांच्या स्वभावाविषयीं आम्हीं सांगावें असें कांहीं उरत नाहीं. आज येथें, उद्यां तेथें. मनांत आलें कीं उठून चालूं लागावें, घरीं सांगावें न सांगावें. पैसा हातांत आला तर मागणाऱ्याच्या हातांत जावा. पत्नीस लिहितां-वाचतां यावें ही तळमळ मोठी. पण शिकवावयास बसलें कीं धीर सुटावा. प्रेम अपार आणि सहन करण्याची शक्ति शून्य, असा हा मनुष्य होता. त्यांचा राग दुष्टाचा नव्हता हें खरें. पण ज्याच्यावर कोसळतो त्यास त्या भेदाचा फारसा उपयोग नसतो. लक्ष्मीबाई हें सारें हंसत हंसत सांगतात म्हणून वाचकही हंसतो. आम्हांस मात्र वाटतें कीं त्या हंसण्यामागें किती रात्री रडण्यांत गेल्या असतील, हेंही वाचकानें मनाशीं मोजावें.

माहेरीं त्यांनीं संयमाचा आणखी एक प्रकार पाहिला होता, आणि तो त्यांनीं पुस्तकाच्या आरंभींच सांगितला आहे. वडिलांचें सोवळें इतकें विकोपास गेलेलें कीं बाजारांतून आलेलें मीठ-साखर देखील धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं. नियमांचा एवढा कडक पहारा, आणि मनास क्षणभर स्वास्थ्य नाहीं! एका घरीं नियमच नियम, दुसऱ्या घरीं नियमाचा पत्ता नाहीं. आणि दोन्ही घरांत धुमसणें तें होतेंच. या दोन्हींचा अनुभव असलेल्या बाईची साक्ष आम्ही अधिक मोलाची समजतों ती यासाठींच.

आतां ख्रिस्ताकडे वळूं. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें कांहीं दिवस काढल्यावर १८९३ सालीं टिळक राजनांदगांवास नोकरीसाठीं निघाले असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें. त्यानें त्यांस नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकित केलें. टिळक वाचूं लागले व मत्तयाच्या पांचव्या अध्यायापाशीं, डोंगरावरील प्रवचनापाशीं, थबकले. हें प्रवचन त्यांच्या मनास भिडलें असें सर्व चरित्रकार सांगतात, व त्याचें श्रेय त्यांतील प्रेमाच्या उदात्त शिकवणीस देतात. तें योग्यच आहे. पण मूळ अध्याय उघडून पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते, जिच्याकडे आमच्या वाचनांत कोणी लक्ष वेधलेलें नाहीं. ख्रिस्त जुन्या नियमशास्त्रांतील एकेक आज्ञा घेऊन तिचा आंतला अर्थ उलगडूं लागतो, तेव्हां सर्वांत पहिला विषय तो रागाचा घेतो. व्यभिचार, शपथ, सूड हे सारे मागून येतात. खून करूं नको ही जुनी आज्ञा. भावावर रागावणाराही त्याच न्यायासनापुढें उभा राहील, हा नवा अर्थ. तापट बापाच्या तापट मुलानें हें वाचलें तेव्हां त्यास काय वाटलें असेल, याचा तर्क करावयास फार मोठी कल्पनाशक्ति नको.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तो देणारे रेव्हरंड तुकाराम नथोजी हे एतद्देशीय पाळक होते. पत्नीस यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. बातमी तिच्यावर आकाशांतून पडली. येथें टिळकांच्या जुन्या स्वभावाचा धक्का शेवटचा आणि सर्वांत मोठा बसला असें म्हणावें लागतें. मनांत आलें तें केलें. माघारीं कोण मरेल, कोण जगेल, हा विचार मागून आला. कोणी म्हणेल कीं धर्माच्या बाबतींत बायकोची परवानगी मागत बसावें काय? मागूं नये, पण सांगावें. आमचें मत एवढेंच आहे.

यापुढील पांच वर्षें आम्हांस या चरित्राचा गाभा वाटतात. त्यांत घडलेली मोठी गोष्ट एक प्रकारें न घडलेली गोष्ट आहे, म्हणून तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या काळीं १८६६ चा एकविसावा कायदा अमलांत होता. हिंदु पुरुष ख्रिस्ती झाला आणि धर्मांतराच्या कारणानें पत्नी सहा महिने त्याच्यापाशीं नांदावयास आली नाहीं, तर त्यास कोर्टांत जातां येई. कोर्ट दोघांस विचार करण्यास एक वर्षाची मुदत देई, आणि त्यानंतरही ती न आली तर विवाह मोडून त्यास दुसरें लग्न करण्याची मोकळीक मिळे. टिळकांचें वय चौतिशीचें होतें. नवें घर, नवा समाज, हाताशीं कायदा. जो मनुष्य पूर्वीं क्षुल्लक कारणानें घर सोडून चालता होई, त्यास हा दरवाजा आयताच उघडा होता. पण तो त्या दरवाजानें गेला नाहीं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन पंढरपुरास बहिणीच्या घरीं राहिल्या. टिळक नगरास राहून पत्रें लिहीत राहिले. पत्रांत आर्जव असे, कळवळा असे, रागही असेल. पण वाट पाहणें त्यांनीं सोडलें नाहीं.

आणि त्या नगरास आल्या तेव्हांही टिळकांनीं त्यांस ओढलें नाहीं. तुझें सोवळें-ओवळें तूं संभाळ, म्हणून निराळी व्यवस्था करून दिली. ज्यास आपलें म्हणणें दुसऱ्यास त्याच क्षणीं पटावें अशी घाई असे, आणि ज्यानें शेकडों लोकांस ख्रिस्त पटविण्याचें काम पत्करलें होतें, त्यानें आपल्याच घरांत जिभेस कुलूप लावावें, हा संयम आम्हांस नदीवरच्या स्नानाहून हलका वाटत नाहीं. जात ही माणसाची करणी कीं देवाची, हा निवाडा लक्ष्मीबाईंनीं आपल्या बुद्धीनें केला, आणि १९०० सालीं, पतीच्या मागून पांच वर्षांनीं, बाप्तिस्मा घेतला. बायको नवऱ्याच्या पाठोपाठ गेली असें पुष्कळ जण लिहितात. तीं पांच वर्षें त्यांच्या हिशेबांत येत नाहींत.

मग राग गेला काय? छे! एवढ्यानें राग गेला असता तर आम्हांस हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. नगर व राहुरी येथील संसाराच्या चित्रांतूनही टिळकांचा ताव मधून मधून उसळतोच. मात्र भोंवतालचें जग आतां बदललें होतें. छप्पन्नच्या दुष्काळानें पोरकीं झालेलीं मुलें घरांत आलीं. प्लेगाचे दिवस आले. पाहुणे, विद्यार्थी, कवि, भिकारी यांची ये-जा अखंड सुरू झाली. १९०७ च्या जळगांवच्या कविसंमेलनांत पुढें आलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोंवळा मुलगा, म्हणजे आपले बालकवि, टिळकांच्या घरीं मुलासारखा राहिला. लहरी कवि घरीं एक असतां पुरे होतो. येथें दोन झाले, आणि घरधनिणीस धरलें तर तीन! एवढ्या मंडळींत रोज राहावयाचें म्हणजे रागास रोज वेसण घालावी लागे, आणि ती घालण्यास लक्ष्मीबाईंची थट्टा हें मोठें साधन होतें. त्या ऐकून घेत, तशाच उलट बोलतही. आणि बोलणें असें असे कीं टिळकांनाच हंसूं यावें. चरित्रकार टिळकांच्या शांतीचें श्रेय प्रार्थनेस देतात. प्रार्थनेचा वाटा आम्ही नाकारीत नाहीं, पण मुक्ताबाईप्रमाणें येथेंही ताटीबाहेर एक स्त्री उभी होती, आणि ती अभंगाऐवजीं विनोद म्हणत होती.

घराबाहेरही परीक्षा होती, व ती अधिक अवघड होती. गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाताखालीं काम करणें अभिमानी माणसास सोपें नव्हतें. हिंदी मंडळीचा कारभार हिंदी लोकांच्या हातीं यावा, भजन हिंदी रागांत व्हावें, ख्रिस्त या देशाच्या वेषांत दिसावा, हें टिळक सतत सांगत आले. स्वतः तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापाशीं पोहोंचल्याचें ते सांगत, तें कांहीं मिशनऱ्यांस मानवत नसे. तरुणपणचे टिळक असते तर पहिल्याच खटक्यास सामान बांधून निघाले असते. येथें मात्र ते १८९५ पासून १९१७ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, त्याच मिशनांत राहिले. भांडले, लिहिलें, पण राहिले. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा उद्योग मांडला व स्वतःस संन्यासी म्हणविलें. त्यांतही जुन्या लहरीचा अंश होता, असें आमचें मत आहे. पण १९१२ पासून हातीं असलेलें ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन त्यांनीं टाकलें नाहीं, मिशनमधील मित्रांशीं वैर धरलें नाहीं, आणि या संन्यासांत पत्नीस टाकणें बसत नव्हतें. घर सोडून निघण्याची खोड तीच. पण या वेळीं कोणास रडत ठेवून ते निघाले नाहींत. आमच्या दृष्टीनें एवढा फरक पुष्कळ आहे.

मराठवाड्यांतील वाचकांस येथें सहज जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्रि आठवतील. तेही ब्राह्मण, १८४३ सालीं ख्रिस्ती झालेले. निजामाच्या राज्यांत सर सालारजंगांकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती खेडें वसविलें. असें काम हातून होण्यास मोठा धीर लागतो, हें उघड आहे. पण तो धीर त्यांच्या अंगीं कसा आला हें सांगणारी लक्ष्मीबाई त्यांस लाभली नाहीं. कीर्ति राहिली आणि माणूस अहवालांत हरवला. पुष्कळ सज्जनांचें असेंच झालें असेल.

टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईस वारले. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य अर्धवट राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. जिला शिकवितांना त्यांचा धीर सुटे, तीच ही विद्यार्थिनी! ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं, आणि १९३६ सालीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. ख्रिस्ती मंडळींत साधु म्हणून मान्य झालेल्या पतीचे दोष त्यांच्या पश्चात् उघड करणें हें त्या काळच्या मराठी स्त्रीस सोपें नव्हतें. त्यांनीं दोष झांकले नाहींत व मोजून दाखविलेही नाहींत. जसे घडले तसे सांगितले, आणि टिळकांवरील प्रेम ओळीओळींतून वाहूं दिलें. कांहीं धार्मिक वाचकांस हें पुस्तक पुरेसें भक्तिपर वाटत नाहीं असें आमच्या ऐकण्यांत आहे. त्यांनीं त्यांतील टिळकांचीं पहिलीं आणि शेवटचीं वर्षें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं. दोन्हीकडे मनुष्य तोच आहे, आवाजही तोच; शेवटीं शेवटीं मात्र तो चढला कीं लक्ष्मीबाई घाबरत नाहींत.